खटका

पंचफुलाबाईंच्या घरी दोन खटके उडायचे.
एक भिंतीवरचा, सहा अँपिअरचा,
दुसरा तोंडाचा.
कुलर आणि शेवयांची मशीन एकाच तारेवर.
चैत्रातली दुपार, देविदासजी बनियनवर कुलरपुढं,
आणि बाईंनी ओसरीत मशीनचं बटण दाबलं
की खट्.
सगळं घर गप्प.
मग दोघंच बोलत, शेजारच्या गोठ्यापर्यंत ऐकू जाईल असं.

"माह्या मशीनसाठी येगळा बसवून दे वं पोरी,"
फोनवर एवढंच म्हणाल्या.
मी दर्यापूरच्या आयटीआयची.
सर्टिफिकेटवर वायरमन लिहिलंय, बदलून कोण देतं.

मेन खाली केला.
टेस्टर लावला. पुन्हा लावला.
मेनच्या वरची बाजू तरीही जिवंत असते,
मीटरकडून येणारी, तिला कोणी झोपवत नाही.
तिच्याकडं पाठ करून काम करायचं नाही,
हे मला शिकवावं लागलं नाही.

झाकण काढलं तर आत
पालीच्या अंड्यांची टरफलं,
कुंभारमाशीनं बांधलेलं मातीचं एक खोलीचं घर,
आणि कुण्या घाईतल्या मिस्त्रीनं
अर्धाच पिळलेला स्क्रू, कडेनं काळा पडलेला.
शेवटची जागा रिकामी.
पडलेल्या दातासारखी.

देविदासजी मागं उभे.
"नवा कायले? हाच काढ, बत्तीसचा लाव.
उडाचं नावच घेनार नाही."

मी म्हटलं, काका, उडणं हेच त्याचं काम.
भिंतीतली तार एक एमएमची आहे.
तो उडाला नाही तर ती जळेल,
आणि ती सांगून जळत नाही.

पुढचं मी बोलले नाही.
मी गेलेय अशा घरांत,
जिथं कधीच काही उडालं नव्हतं.
चांगली शांत घरं.
प्लास्टरवर तारेच्या वाटेनं एक तपकिरी रेघ, बस्स.

अडीचची नवी तार ओढली, ओसरीपर्यंत पट्टीतून.
न्यूट्रल त्याच्या पट्टीवर, हिरवी अर्थच्या.
नवा खटका, सोळाचा, मोटरचा धक्का सोसणारा,
रुळावर बसला, टक्.
स्क्रू पिळला, तार ओढून पाहिली.
आली नाही.

अर्थिंगचा खड्डा मागं, मोरीपाशी.
पुस्तकात आहे : कोळसा घाला, मीठ घाला.
देविदासजी पहिल्यांदा हसले.
"मीठ? खारपानात? आमचे दात पाय."
पण खारं पाणी तांबंही खातं.
क्लॅम्प हिरवा भुगा झालेला,
वर्षानुवर्षं हे घर
जमिनीला नुसतं टेकून होतं, धरून नव्हतं.
नवा लावला, खड्ड्यात दोन बादल्या ओतल्या.

झाकण बसवलं. चिकटपट्टीवर नाव घालायचं राहिलं.
आधीची होती : मोटर, देवघर, कुलर.
मी पेन काढलं तर देविदासजींनी मागून घेतलं,
चष्मा शोधला, भिंतीला टेकून
फार वेळ लावून लिहिलं.
पंचफूला.

बाईंनी हात पुसत वाचलं.
एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा पट्टीकडं.
"फु ले पयला उकार असते," म्हणाल्या,
आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी मेन वर केला
आणि तेवढ्यात लाइन गेली.
गावाचीच. डीपीवर काहीतरी.
अंधारात तिघांनी चहा घेतला,
मी न तपासलेलं काम मागं ठेवून निघाले,
जे मी कधी करत नाही.
सांगून आले : लाइन आली की आधी मला फोन करा,
मग मशीन.

साडेदहाला वाजला.
हॅलो म्हटलं, पलीकडं कोणी बोलेना.
नुसती घरघर, जवळची, पीठ भरलेल्या गळ्याची,
आणि तिच्या मागं, जरा लांब,
ओल्या वाळ्यातून येणारा दुसरा आवाज.
दोन्ही.
मी पलंगावर उठून बसले, श्वास धरून मोजत राहिले,
एक मिनिट, दोन,

"उडला नाही वं," बाई म्हणाल्या.
मागून देविदासजी :
"तिले ईचार, मी उकार सुधारला म्हना."