फळ्याची खालची ओळ

गंगावेशीकडून आत वळलं की तिसरं दार,
मगदूम खानावळ. सहा बाकं, एक पंखा
आणि दाराशी टांगलेला फळा,
जो गेली एकोणीस वर्षं मी लिहितो.
मजुरी ठरलेली : एक ताट, वर वाटीभर तांबडा.

रखमाक्का आतून ओरडून सांगते.
शेगडीपुढून तिला बाहेरचं दिसत नाही,
तरी ऋतू तिला माझ्याआधी कळतो.
"मेथी खोड. पोकळा लिव.
आणि अंबाडीवर टिंब दे पेंटर,
मागल्या खेपेला अबाडी झाली हुती."

आषाढात फळा पुरत नाही.
पी-ढबाक वाजत नवं पाणी टेंबलाईकडं जातं
आणि माघारी येतात ती माणसं भुकेनं पिसाळलेली.
मटण ताट, खिमा, रक्ती, मुंडी,
रस्सा पाहिजे तेवढा,
इतकं दाटून लिहावं लागतं
की पांढरा तांबड्याच्या अंगावर चढतो.

मग एका सकाळी ओलं फडकं.
श्रावण.
घेवड्याची उसळ, अळूची पातळ भाजी, ताक.
तालमीतला भैरू, पाच भाकऱ्या मोडणारा गडी,
फळ्यापुढं उभा राहून
नापास पोरानं निकाल वाचावा तसं
वरून खाली, खालून वर वाचतो.
"पेंटर, काय लिवायचं ऱ्हायलं न्हाई न्हवं?"

थंडीत वरणा, सोलाणे,
गुऱ्हाळावरनं डब्यातून आलेली काकवी.
माघात जोतिबाचे खेटे घालून येणाऱ्यांना
रविवारी झुणका-भाकरी, बसायला मिळेल तिथं.
शिमग्याला कटाची आमटी.
आंब्याचा रस, पण "वाटी एकच मिळंल" हे ठळक.

सगळं खडूनं.
खडूचं बरं असतं,
चूक कबूल करायला फडकं पुरतं.

ऑइलपेंटात एकच ओळ, सगळ्यात खाली,
तिच्या नवऱ्यानं पहिल्याच वर्षी हौसेनं लिहून घेतलेली,
जाड, लाल, मागं काळी सावली देऊन :
उधारी बंद आहे.

ज्या साली पंचगंगा गल्लीत आली,
सहा दिवस फळा पाण्याखाली होता.
चिखल पुसला तर मटण गेलेलं, दर गेलेले,
त्या आठवड्यात मी "मरळ मिळेल" लिहिलं होतं,
नदीनं वाचलं असावं.
राहिलेलं एवढंच :
उधारी बंद आहे.
सावलीला ओरखडासुद्धा नाही.
माझ्या हातचं इतकं टिकाऊ काम
मला आधी कधी दिसलं नव्हतं
आणि त्या दिवशी बघवेना.

बाहेर लोक भिजल्या गाद्या घेऊन उभे.
शेजारच्या मुल्लाणींच्या गच्चीवर
रखमाक्कानं शेगडी पेटवली, आमटी-भात टाकला,
खाली आली, म्हणाली, "हे पुसून टाक."
पुसेना. खरवडलं, निघेना.
टर्पेंटाइनचं दुकानच पाण्यात.
तिनं कमरेवर हात ठेवून जरा वेळ बघितलं,
मग गच्चीवरनं लसणाची माळ आणली
आणि मधल्या शब्दावर टांगली.

उधारी, लसूण, आहे.

त्या महिन्यात कोण किती जेवलं
ते वहीत नाही. वहीही भिजलेलीच होती.

माळ वाळते, सालं उडतात,
नवा लसूण आला की ती बदलते.
श्रावणात तिच्या भांड्याला लसूण शिवत नाही,
फळ्यावरची माळ मात्र काढत नाही.
नवखं गिऱ्हाईक विचारतं, "लसूण कसा दिला?"
ती म्हणते, "हात लावू नगा, लिवलेलं हाय ते."

आज सकाळी आतून हाक आली,
"मटण खोड पेंटर, उद्यापासनं श्रावण."
दोन वाजत आले.
भैरू अजून जेवायला आलेला नाही.
मी फडकं भिजवलंय
आणि वरच्या कोपऱ्यापासनं
एकेक अक्षर, सावकाश पुसतोय.