बी-बाटली

फेब्रुवारीतला मंगळवार. गेंटच्या कालव्यावर धुकं.
इतके दिवस माझ्यासाठी तो सहा आकडी नंबर होता,
उणे वीस अंशांत गोठवून ठेवलेली कुणाची तरी एक सकाळ.

आज नंबर दार ढकलून आत आला.
वान्नेस. एकोणीस वर्षांचा. कोट बहुधा वडिलांचा.
नखांच्या कडांत रविवारच्या शर्यतीतला चिखल.

सील त्याने स्वतः तपासलं. मग मी झाकण फोडलं,
अक्रोड फुटावा एवढाच आवाज.
तो दचकला.

थेंब थेंब गाळत गेले,
मीठ धुतलं, पिवळेपणा धुतला,
उरलं ते सुईने यंत्राच्या तोंडी दिलं.
रक्तात तासभरही धड न टिकणारी
चार-सहा अमिनो आम्लांची माळ ती;
पण तुटताना एखादा मणी सांडतेच.
आम्ही मणी वजनावरून ओळखतो,
सोनारासारखे,
फक्त आमची गुंज म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

"किती वेळ?"
"यंत्राला अकरा मिनिटं," म्हटलं.
वकील फोनवर बोलायला बाहेर गेला.

सहा मिनिटं बारा सेकंद.
सपाट रेषेतून एक टोक वर आलं,
ए-बाटलीत आलं होतं, बरोब्बर तिथेच.

मी काही बोलले नाही. बोलायचं नसतं.
तोच पडद्याकडे बघत म्हणाला,
"आमच्या गावामागचा चढ असाच आहे.
तिथे मी उतरतो,
सायकल खांद्यावर घेतो."

संध्याकाळी नोंदवही भरताना
नंबर मला
बाटलीवरून बघून लिहावा लागला.