बायकांची वेळ

कुडचड्याच्या पतसंस्थेत तीन दिवस
दुसऱ्यांचे हिशेब तपासत बसले होते.
तिसऱ्या रात्री लॉजच्या मालकिणीने विचारलं,
"झरीवर गेली नाहीस अजून?
मग गोंयांत आलीस कशाला?"
आणि हातात एक विरलेलं लुगडं ठेवलं.
टॉवेल नको म्हणाली, पाण्यात जड होतो.

डिसेंबरची पहाट.
रिक्षावाला पोफळींच्या अलीकडेच थांबला.
"ह्या वेळार दादले फुडें वचनात,"
म्हणाला, आणि रिक्षा वळवून
तोंडही वळवून बसला.

कुळागरातून खाली बत्तीस पायऱ्या.
(मोजल्या. सवय.)
शेवटच्या पायरीवर मोगी वेळीप,
मांडीवर सुपाऱ्यांचं सूप.
मान वर न करता तिने नियम सांगितले:
चप्पल हांगा. घड्याळ हांगा.
पयलीं भायर न्हा, मागीर भितर.
साबण भितर न्हय. व्हडल्यान उलोवप ना.
मग मान वर केली.
"आनी तें ऑकल."
ऑकल म्हणजे चष्मा, हे तिच्या बोटावरून कळलं.

उणे साडेसात.
चष्मा काढला की माझ्याजवळ जग उरत नाही,
रंग उरतात, तेही सांडलेले.

तांब्यामागून तांब्या ओतला
तेव्हा खाणीच्या ट्रकांची तीन दिवसांची लाल धूळ
कानामागून ओघळली.
मग चाचपत एक पाय आत.
गरम नव्हतं पाणी.
कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणाइतकं ऊबदार.
वर तरंगत होतं ते धुकं,
वाफ, की माझी नजर,
ठरवता येईना.

चार-पाच जणी असाव्यात.
एक रुंद तपकिरी, एक बुटकी,
एक पायऱ्यांवर, नेसतेय की सोडतेय कोण जाणे.
मला बरं वाटलं, कुणी नीट दिसत नाही म्हणून.
गळ्यापर्यंत बुडाल्यावर लक्षात आलं,
दिसत नाही ते मला.
त्यांना सगळं दिसतंय:
कोपरापासून दोन रंगांचे हात,
आणि पोटावरची ती उभी शिवण
जिच्याबद्दल घरात आठ वर्षं कुणी बोललेलं नाही.

इथेही कुणी बोललं नाही.
पण घरातलं न बोलणं कडी लावून घेतं.
हे जरासं सरकलं
आणि मला टेकायला दगड दिला.

"फेलिसिदाद," रुंद रंग म्हणाला. नाव असावं.
तिने माझं मनगट धरलं
आणि तळहात पाण्याखाली भिंतीच्या एका भोकावर नेऊन दाबला.
वासराच्या नाकासारखं काहीतरी
आतून ढुसण्या देत होतं.
मी हात काढायला गेले. तिने काढू दिला नाही.
गुडघ्यांचं काहीतरी सांगत होती, हळू,
निम्मं मला कळलं,
निम्मं माझ्या गुडघ्यांना.

साडेसातला मोगीने रिकामी कळशी वाजवली.
पाणी एकदम हललं, सगळ्या उठल्या.
मी कपडे शोधत पायऱ्यांवर ओणवी,
तेवढ्यात कुणीतरी चष्मा पुसून हातावर ठेवला.
डोळ्यांवर चढवला तेव्हा
पाच पाठी पायऱ्या चढत होत्या,
कोरड्या, नेसलेल्या,
एकीच्या हातात भाजीची पिशवी.
फेलिसिदाद कुठली, सरकली ती कुठली,
काही ओळखता येईना.

"किती?" मी विचारलं.
मोगीने बिस्किटांच्या डब्याकडे हनुवटी केली.
झाकण नाही, पावती नाही, नोंद नाही.
वीस टाकले.
मग पन्नास टाकून वीस परत घेतले.
मग ते वीसही टाकले,
आणि कुणी पाहिलं का ते पाहिलं.
मोगी सुपाऱ्या निवडत होती.

दुपारी संस्थेत सतरा रुपयांचा फरक निघाला.
चष्मा पुसायला काढला,
तर उजव्या काचेच्या कडेला बोटाचा ठसा,
रुंद, माझा नव्हे.
तसाच डोळ्यांवर ठेवला
आणि त्याच्या बाजूबाजूने
सतरा रुपये शोधत राहिले.