दोन बाटल्या

पहाटे पाच पन्नासला पाळी सुटते.
इथे तिला सगळे 'उझिना' म्हणतात,
बाप मात्र भट्टीच म्हणतो,
आणि माझ्या ॲप्रनचा वास
त्याच्या मते लग्नात पिऊन पडलेल्या काकाचा.

मी गाडी काढते. गाडीही तेच पिते.
टाकीत तीस लिटर, उसाचं. धूर जवळजवळ नाहीच,
दूर साओ पावलोत लोकांनी खिडक्या उघडाव्यात
इतका हलका श्वास.
मागे काय उरतं ते मला तोंडपाठ:
एका लिटरमागे बारा लिटर मळी,
तांबडी-काळी, ऊन ऊन, तळ्यात साठवलेली,
तळ्यातून नळ्यांत, नळ्यांतून तोफांत,
पुन्हा उसावरच उडवायची.
पालाश आहे त्यात. खत आहे. वाया काही जात नाही
असं फलकावर लिहिलंय, शेजारी हिरवं पान काढून.

वाया जात नाही हे खरंच.
उतार आहे ना. जातं ते तुविरात जातं.

तुविरा म्हणजे आमची नदी, नकाशात केसाएवढी.
बाप, जुरांदिर, होडीत बसून असतो,
जाळं न टाकता.
त्याचं यंत्र म्हणजे माशांची तोंडं.
लांबारी वर येऊन ओठांनी हवा चाखायला लागले
की तो म्हणतो, "आज दोनच्या खाली, झुल्मिरा,"
आणि माझा प्राणवायूमापक, आठ हजारांचा,
जरा विचार करून दाखवतो: १.९.

"भट्टीला असं पाण्यात पाहू नकोस," मी म्हणते,
"माझा पगार तिथला, तुझ्या गोळ्या तिथल्या."
"मी कुठे तिला पाण्यात पाहतो?
पाण्यात पाहिलं की तीच दिसते."

ऑगस्टमधल्या त्या रात्री पाळी माझी होती.
तिसऱ्या तळ्याचा बांध कोपऱ्यात मऊ लागतोय,
वाल्देसिरने दोनदा फोनवर सांगितलं,
मी दोनदा नोंदवलं, वेळेसकट.
नोंद पक्की होती. बांध नव्हता.

उजाडताना पाहिलं, एक कास्कुडो,
चिलखत घातलेला, तळाचं शेवाळ खरवडणारा,
जन्मभर कुणाच्या अध्यात ना मध्यात,
दगडावर चढून बसला होता.
पाण्यातला जीव, पाण्यातून उठलेला.
बापाने त्याला ओल्या पोत्यात गुंडाळलं,
वरच्या झऱ्यापर्यंत चालत नेलं.
त्या एकालाच. बाकीचे ट्रॅक्टरने उचलले.

गोड लागला म्हणून ऊस मुळासकट खाणारे असतात.
मुळाखालच्या नदीसकट, ते इथे.

कायदा काठावर तीस मीटर झाडी मागतो.
बाप पावलांनी मोजतो: अकरा, की पाती गालाला लागतात.
त्या अकरा पावलांत त्याने इंगाच्या बिया पुरल्या,
गेल्या साली चाळीस. जगली सहा.
"मुळं उतरली की गाळतील," म्हणतो.
कधी, ते विचारलं
की त्याला कमी ऐकू येतं.

मी दोन बाटल्या भरते.
एक भट्टीची: तारीख, वेळ, सही.
दुसरी खोकल्याच्या औषधाएवढी, बिनचिठ्ठीची,
घरी फ्रिजमध्ये, दुधाशेजारी.
सत्तावीस झाल्यात.
आईने दूध खालच्या कप्प्यात हलवलं,
विचारलं काही नाही.
कुणाला दाखवायच्या ते माझंही ठरलेलं नाही.
काहींचा रंग आता उडालाय, तळाशी नुसती साय,
कधीचं कुठलं ते मलाच सांगता येणार नाही.

आज बाप होडीतूनच ओरडला, "किती?"
मी आकडा सांगितला.
"खरा, की सहीचा?"

मी काचा वर केल्या. किल्ली फिरवली.
थंडीत अल्कोहोलची गाडी रुसते;
तिसऱ्या वेळी सुरू झाली.
आरशात पाहिलं.
धूर दिसला नाही.