बॉर्डरवर

पहाटे साडेतीनला व्हॅन सुरू करते.
हीटरला ऊब यायला सहा मैल लागतात,
तोवर सिप्रियानोचं घर येतं.
तो माझ्या पाठीमागे. अल्विना खिडकीशी, उशी घेऊन.
रोसेंडो शेवटी,
कारण त्याला एकच पाय उरलाय
आणि तो त्याला ऐसपैस पसरायला आवडतो.
सोमवार, बुधवार, शुक्रवार.
टुसॉनच्या त्या बुटक्या इमारतीत
चार तास त्यांचं रक्त धुतलं जातं,
मी बाहेर पार्किंगमध्ये झोप काढते.
अकरा वर्षं झाली.

मंगळवारी दवाखान्यात नर्स म्हणाली,
सहा पॉइंट एक.
डायबेटिस नाही झालेला अजून.
पण बॉर्डरवर आहेस, व्हर्लीन.

मला हसूच फुटलं.
आयोवाची पोर, तिला काय ठाऊक.
आम्ही ओ'ओधाम.
माझ्या मामाची चूल अमेरिकेत, विहीर मेक्सिकोत,
मधे लोखंडी खांब, माणसाहून तिप्पट उंच.
बॉर्डरवर आहेस म्हणे.
दुसरीकडे होते कधी मी?

तिला वाटलं, मी घाबरून हसतेय.
तिने कागद दिला : चाला, थोडं वजन उतरवा,
बाटलीतलं गोड पाणी सोडा.
आणि म्हणाली, सगळ्यांना होतोच असं नाही.
कागद कुठे ठेवला, आठवत नाही.
ते वाक्य मात्र घडी घालून आत ठेवलं.

व्हॅनमध्ये मागे चार सीटा.
चौथी एस्टेफानाची होती, मार्चपर्यंत.
तिचा एक हातमोजा अजून खाली कुठेतरी सापडेल.
बुधवारी अंधारात आरशात बघितलं
तर चौथ्या सीटवर मी.
मांडीवर उशी, तोंड खिडकीकडे.
मग गाडी कोण चालवतंय?

चौकीवर तोच तो, कोवळ्या मिशांचा शिपाई.
टॉर्च एकेका चेहऱ्यावर. कुठून आलात?
घरून.
काही लपवून नेताय का?
नाही, मी म्हणाले.
सहा पॉइंट एक माझ्याबरोबर निमूट पार झाला.

रोसेंडोला सांगितलं.
बाकीचे घोरत होते तेव्हा.
तो बराच वेळ बोललाच नाही, मग म्हणाला,
त्या चौथ्या सीटची स्प्रिंग तुटलीय.
बसू नकोस तिथे, टोचते.

आणि मग, बऱ्याच मैलांनी :
मलाही म्हणाले होते, बॉर्डर.
नव्व्याण्णव साली. खाणीत होतो तेव्हा.
मला वाटलं, बॉर्डर म्हणजे आपण अलीकडे.
रोज दोन लिटर कोला, सरकारी डब्यातलं पीठ,
सरकारी चरबीत तळलेली भाकरी,
आईच्या हातची, नाही कसं म्हणणार?
पलीकडे कधी गेलो, कळलंच नाही गं.
तिथे खांब नव्हते.

मामाने पिशवीभर बावी पाठवल्यात,
आमच्याच वाळूत, एका पावसावर येणाऱ्या,
तपकिरी, नखाएवढ्या.
रात्री भिजत घालते, तरी शिजायला अर्धा दिवस खातात.
पहिल्यांदा कच्च्याच राहिल्या. तशाच चावून खाल्ल्या,
शिव्या देत.
कोला सोडलाय असं म्हणणार नाही.
शनिवारी एक.

शुक्रवारी पार्किंगमध्ये झोपले नाही.
इमारतीला फेऱ्या मारायला लागले,
जुन्या बुटांत, कचऱ्याच्या डब्यांवरून, ॲम्ब्युलन्सच्या मागून.
पहिल्या फेरीला काचेआडून अल्विनाने बघितलं,
ही बाई काय हरवलंय म्हणून हिंडतेय, असं.
दुसऱ्या फेरीला तिने हात वर केला,
सुई नसलेला.
मग प्रत्येक फेरीला.
मी मोजत गेले तिच्या हातावर.
चौदाव्या फेरीला हात वर आला नाही.

झोपली असेल.

चालले. डब्यांवरून, ॲम्ब्युलन्सच्या मागून,
जरा भरभर.
पंधराव्याला आला.