पिलबाग

सावद्याच्या बाहेर, रावेर रस्त्याला,
पत्र्याच्या शेडमध्ये आमची लॅब.
चपला दारात, केस टोपीत,
हात स्पिरिटने धुवायचे, मग आत.
बाहेर मे महिन्यात सातपुडा तव्यासारखा तापतो,
आत बाराही महिने पंचवीस डिग्री,
आणि काचेच्या बरण्यांत केळी
हिरवी, गार, बोटाएवढी.

एका कंदाची हजार रोपं.
नजमा तडवी चिमट्याने धरते, मी ब्लेडने कापते.
बी पेरून इथे कोणी केळी लावत नाही,
या केळीला बी धरतच नाही:
अकरा गुणसूत्रं, प्रत्येकाच्या तीन प्रती,
दोघांत तीन वाटायचे म्हणजे भांडणच.
केळं उभं चिरलं की मधोमध काळे ठिपके दिसतात ना,
ते बी व्हायचं राहून गेलेलं.

दुपारी मी मशीनवर बसते.
हरण्या रोग पानावर उमटायच्या आधी
इथे उमटतो.
पान खलात घोटायचं,
विषाणूच्या आरएनएचा आधी डीएनए करून घ्यायचा,
मग पंच्याण्णव डिग्री: दोन पदर सुटतात,
पंचावन्न: आपला छोटा तुकडा जाऊन चिकटतो,
बहात्तर: नवा पदर विणला जातो.
असे पस्तीस फेरे.
लग्नाला सात पुरतात, नजमा म्हणते,
आमच्यात तर तेवढेही नाहीत.
मध्येच लाईट गेली तर इन्व्हर्टरला हात जोडायचे.
शेवटी जेलमध्ये, निळ्या उजेडात
पट्टी दिसली
की त्या कंदाची सगळी लेकरं भट्टीत.

मी आणि यामिनी अशाच एका कंदाच्या.
भालोदची मावशी हनुवटी धरून विचारायची,
"तू कोनती वं माय?"
ती डावरी, मी उजवी. दुसरी खूण नव्हती.
तिला सुरतेला दिली, उधन्याला. मी इथेच राहिले.
दिवाळीत आली तेव्हा तिचा मोबाईल
सहज उचलला मी,
तर माझा चेहरा बघून तो उघडला.

वरच हॉस्पिटलचं पान होतं.

आई एक्केचाळिसाव्या वर्षी गेली, लोक दृष्ट म्हणाले.
आजी गेली तेव्हा तर गाठ हा शब्दही
पदराखालीच राहिला.
आजीच्या मुळाशी आई, आईच्या मुळाशी आम्ही.
शेतात याला पिलबाग म्हणतात.
आता त्या गाठीला पत्ता होता:
सतरावं गुणसूत्र, अमुक जागा,
एक अक्षर गळालेलं.
काना गळाला की काळाची कळ होते, तसं,
आणि पुढचं अख्खं वाक्य चुकीचं वाचलं जातं.

मोबाईल होता तसा पालथा ठेवला.
अंगणात पळाट्यांच्या जाळावर
ती भरताची वांगी भाजत होती,
डाव्या हाताने उलटत.
"बघितलंस?" वर न बघता म्हणाली.
"हो."
"तूही टेस्ट करून घे."
"तुझी झाली म्हणजे माझी झाली. पैसे वाचले."
ती हसली. मग म्हणाली, धूर गेला डोळ्यांत.

डिसेंबरात दोनशे बारा नंबरच्या बरणीत
एक रोप निघालं, पानावर पांढऱ्या रेघांचं.
विषाणू नाही, दोनदा तपासलं.
त्याच कंदाचं, त्याच काचेतलं, तेच खाल्लेलं,
वाढता वाढता कुठेतरी
आपलं आपणच बदललेलं.
नियम आहे: वेगळं दिसलं की भट्टीत.
भारंबे सरांनी वहीत लाल शाईने तसं लिहिलंसुद्धा.
नजमाने काही न बोलता
ते माझ्या डब्यात ठेवलं,
कळण्याच्या भाकरीच्या फडक्यात.

मोरीच्या सांडपाण्यावर लावलंय.
घड धरेल की नाही, सांगता येत नाही.
यामिनीचं ऑपरेशन पंधरा फेब्रुवारीला.
माझी तारीख मी अजून घेतलेली नाही.
रात्री व्हिडिओ कॉलवर ती आधी रोप दाखव म्हणते,
मग माझ्याकडे बघत राहते,
आरशात बघावं तसं नाही,
चुलीवर दूध ठेवून बघावं तसं.
"नवं पान?"
"आलंय," मी सांगते,
"गुंडाळलेलं आहे अजून."