इतिवृत्तात न लिहिलेलं

तासगाव, नगर वाचनालय, संध्याकाळचे सव्वासहा.
खुर्च्या चाळीस, माणसं तेवीस,
त्यातला एक मोबाईल चार्जिंगला लावायला आलेला.
वक्ते : भूपाल मगदूम, भूमितीचे निवृत्त मास्तर.
विषय : देव मानणाऱ्याशी वाद कसा घालावा.

एवढं मी वहीत लिहिलं.

म्हणाले, आधी त्याच्या घरचा चहा संपवा.
हसू नका. जो हसला तो हरला.
प्रश्न विचारलात, तर उत्तर येईपर्यंत दम धरा.
सिद्धता मागायला तोंड पुरतं,
ऐकायला बूड टेकावं लागतं.

टाळ्या. बेदाण्याची पुडी फिरली.

मग मागून हौसाबाई वाघमोडे उठल्या,
शेडवरून थेट आलेल्या,
हाताला अजून गंधकाचा वास.
"मास्तर, पोरगं गेलं तवा मी देवाला
तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या.
रातभर.
तो न्हाईच म्हणताय,
मग त्या शिव्या कुणी खाल्ल्या?"

मास्तरांनी चष्मा काढला.
पंख्याचं एक पातं खरखरत होतं.
मी घड्याळ बघितलं, चार मिनिटं.
चार्जिंगवाल्यानं वायर गुंडाळली,
पण गेला नाही.

शेवटी मास्तर खाली उतरले,
तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले.
"नाव काय होतं त्याचं?"

वहीत मी लिहिलं :
प्रश्नोत्तरे झाली. आभार मानून कार्यक्रम संपला.

आभार कुणीच मानले नव्हते.
साडेनऊला किल्ली घेऊन मी दारात उभा,
आणि आत, कोपऱ्यातल्या ट्यूबखाली,
ती दोघं अजून बोलत होती
बेदाणे निवडावेत तशी,
एकेक.